चांदीचे ड्रेसिंग लावूनही जखम पुन्हा चिघळते : दोष कुठे शोधावा

समस्या अशी असते. मधुमेही रुग्णाच्या तळपायाला जखम झालेली आहे, ती दोन-अडीच महिने भरत नाही, म्हणून कोणीतरी चांदीयुक्त ड्रेसिंग सुचवतो. पहिल्या आठवड्यात फरक दिसतो. वास जातो, पू आटतो आणि घरच्यांना हायसे वाटते. दहाव्या-बाराव्या दिवशी गॉजवर पुन्हा हिरवट डाग उमटतो, कडेची कातडी पांढरी पडून फुगते आणि जखम होती तेवढीच किंवा कणभर मोठी दिसू लागते. मग चांदीऐवजी मधाचे ड्रेसिंग येते, मधानंतर कायटोसानचे, त्यानंतर आयोडीनचे. प्रत्येक वेळी आठवडाभर बरे वाटते आणि पुन्हा तीच फेरी सुरू होते.

शल्यचिकित्सक म्हणून मधुमेही पायांचे काम करताना ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आता रुग्णाने पिशवीतून रिकामी पाकिटे काढून टेबलावर मांडली की पुढचे प्रश्न माझ्या तोंडात तयार असतात. त्यांतला एकही प्रश्न ड्रेसिंगच्या ब्रँडबद्दल नसतो. जिवाणूरोधक ड्रेसिंग जखमेच्या पृष्ठभागावर काम करते, तेही ठरावीक परिस्थितीत. ती परिस्थिती आपणच बिघडवत असू, किंवा बिघाड पृष्ठभागाच्या खाली असेल, तर पाकीट बदलून काहीही साधत नाही. म्हणून तपासणीचा क्रम वापरण्याच्या पद्धतीपासून सुरू करून खोलवर न्यावा. ब्रँडचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पण त्याआधी एक अपवाद. जखमेभोवतीची लाली दोन सेंटिमीटरच्या पलीकडे पसरत असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, बोट काळे पडत असेल, कातडीखाली दाबल्यावर चरचर जाणवत असेल किंवा एरवी आटोक्यात असलेली शुगर अचानक चारशेच्या घरात गेली असेल, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र असली तरी त्याच रात्री, रुग्णालय गाठावे. असा संसर्ग ड्रेसिंगने थांबत नाही.

वापरताना होणाऱ्या चुका

एक निवृत्त एसटी चालक माझ्याकडे आले, तेव्हा उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूला, त्यांना साधारण रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती. चार प्रकारची ड्रेसिंग वापरून झाली होती. घरी ड्रेसिंग त्यांची सून करत असे आणि ती अतिशय काळजीपूर्वक करत असे : हात धुणे, हातमोजे, स्वच्छ ट्रे, सगळे शिस्तीत. मी तिला म्हटले, नेहमी करता तसेच माझ्यासमोर करून दाखवा. तिने जखम सलाईनने धुतली, नॅनो-स्फटिकी चांदीचा निळसर राखाडी पत्रा मापाने कापला आणि तो ओला करायला तीच सलाईनची बाटली उचलली. पहिली चूक तिथेच सापडली. तिची तरी ती कशी म्हणावी, कारण ज्या दवाखान्यात हे ड्रेसिंग लिहून दिले गेले, तिथल्या कोणीही तिला हे सांगितले नव्हते.

सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, असते. चांदी जिवाणू मारते ती धातूच्या रूपात नव्हे, तर ओलाव्यात तिच्यातून सुटणाऱ्या आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, रूपात. हे आयन जिवाणूच्या पेशीभित्तिकेला आणि गंधकयुक्त प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बंद पाडतात. क्लोराइड समोर आले की त्याच आयनांचे न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड बनते आणि जिवाणूंपर्यंत पोहोचणारा साठा तिथेच कमी होतो. त्यामुळे या प्रकारचे पत्रे निर्जंतुक पाण्याने भिजवायचे असतात. औषधांच्या दुकानात इंजेक्शनसाठीचे म्हणून मिळते ते पाणी चालते. जखम सलाईनने धुण्यास हरकत नाही, पण धुतल्यावर ती कोरड्या निर्जंतुक गॉजने टिपून घ्यावी आणि मगच पत्रा ठेवावा. हा नियम सगळ्या चांदीयुक्त ड्रेसिंगना सरसकट लागू नाही. चांदी मिसळलेल्या काही तंतुमय ड्रेसिंगच्या बाबतीत उत्पादक स्वतःच, कोरड्या जखमेवर सलाईन वापरा, असे सांगतात. पाकिटातली बारीक अक्षरांची घडी उघडून वाचणे कंटाळवाणे असते, पण या एका मुद्द्यासाठी ती वाचावीच लागते.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे एकावर एक औषधांचे थर चढवणे. चांदीच्या पत्र्याखाली व्हॅसलीनसारखे तेलकट मलम लावले की ओलावा अडतो आणि आयन सुटत नाहीत. मृत पेशी विरघळवण्यासाठी कोलॅजनेजचे मलम दिलेले असेल, तर चांदी आणि आयोडीन दोन्ही त्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, निष्क्रिय करतात, म्हणजे दोन महाग औषधे एकमेकांना खात बसतात. मी पाहिलेल्या एका पायावर खाली बिटाडीन, त्यावर सिल्व्हर सल्फाडायझिनची क्रीम आणि त्यावर मधाची जाळी, असे तीन मजले होते. ज्याने त्याने आपापल्या भेटीत एकेक वाढवला होता, कोणी काही काढून टाकले नव्हते.

सिल्व्हर सल्फाडायझिनचा एक वेगळा घोटाळा आहे. १९६८ पासून भाजलेल्या जखमांसाठी वापरात असलेली ही पांढरी क्रीम जखमेतल्या स्रावाशी मिसळून पिवळसर, चिकट साय धरते. ती साय पू किंवा सडलेल्या पेशींसारखी दिसते. घरचे घाबरतात, डॉक्टर प्रतिजैविक बदलतात आणि प्रत्यक्षात तो संसर्ग नसतोच. ओल्या गॉजने हळूच पुसल्यावर साय निघून खाली लाल, दाणेदार मांस दिसले, तर ती क्रीमचीच साय समजावी. पुसून निघत नसेल, तर मात्र पुढचा भाग वाचावा.

चिकटून राहणारा थर

घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आतून शेवाळ धरले, तर नुसते क्लोरीन टाकून ते जात नाही. आधी ब्रशने खरवडावे लागते, मग क्लोरीनचा उपयोग होतो. जुन्या जखमेत जिवाणू असाच बुळबुळीत थर धरून बसतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. जिवाणूंनी स्वतःच स्रवलेल्या शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांच्या चिकट जाळ्यात ते सुरक्षित राहतात. आतल्या थरातले काही जिवाणू जवळजवळ झोपलेल्या अवस्थेत असल्याने, वाढणाऱ्या जिवाणूंवर हल्ला करणारी प्रतिजैविकेही त्यांच्यावर फारशी चालत नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सूक्ष्मदर्शकीय अभ्यासात जुनाट जखमांच्या नमुन्यांपैकी ६० टक्क्यांमध्ये बायोफिल्म आढळली, ताज्या जखमांमध्ये केवळ ६ टक्क्यांत. ताज्या भाजलेल्या जखमेवर झटकन काम करणारे ड्रेसिंग तळपायाच्या तीन महिने जुन्या जखमेवर का थिटे पडते, याचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

म्हणून दोन-तीनदा तोच पांढरा-पिवळा थर परत येत असेल, तर ड्रेसिंग बदलण्याऐवजी जखम खरवडून साफ करण्याची, म्हणजे डिब्राइडमेंटची, वेळ आलेली असते. यात घरच्यांनी ब्लेड हातात घ्यायचे नाही. हे काम प्रशिक्षित हातानेच व्हावे. मृत थर, कडेचा कडक घट्टा आणि आत वळलेली किनार काढल्यानंतर जिवाणू पुन्हा संघटित होईपर्यंत साधारण एक ते तीन दिवसांची मोकळीक मिळते. जिवाणूरोधक ड्रेसिंगचा खरा उपयोग त्या मोकळ्या वेळात होतो. आमच्याकडे बहुतेकदा उलटे घडते : महिनाभर महाग ड्रेसिंग वापरून झाल्यावर शेवटचा उपाय म्हणून जखम साफ केली जाते आणि साफ केल्यावर, आता स्वच्छ झाली, म्हणून साधे गॉज बांधून रुग्णाला घरी पाठवले जाते. सफाई एकदा करून भागत नाही. पहिले काही आठवडे ती दर आठवड्याला लागू शकते.

यालाही एक ठळक अपवाद आहे. पायाचा रक्तपुरवठा अपुरा असून जखमेवर किंवा बोटावर कोरडी, काळी, घट्ट खपली असेल, तर ती भिजवू नये आणि खरवडूही नये. आधी रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्यावी.

ओलावा, स्पर्श आणि बदलण्याचा दिवस

ड्रेसिंग कोणत्या द्रव्याचे आहे यापेक्षा जखमेतून किती स्राव येतो, हे आधी पाहिले पाहिजे. जखमेला बेताचा ओलावा हवा, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवरील प्रयोगातून दाखवले. झाकून ओल्या ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने आली. तरीही, जखमेला हवा लागू द्या, हा सल्ला गावोगावी अजून टिकून आहे. अल्जिनेटचे ड्रेसिंग तपकिरी समुद्री शेवाळापासून बनते. त्यातले कॅल्शियम आणि स्रावातले सोडियम यांची अदलाबदल होऊन त्याचा जेल तयार होतो. स्रावच नसेल तर जेल होत नाही, तंतू जखमेला चिकटतात आणि काढताना नवे मांस उपटून निघते. चांदीचेही तेच. कोरड्या जखमेवर ती नुसता दागिना आहे.

कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून काढतात. आम्लधर्मी वातावरणात त्याच्या रेणूंवर धनभार येतो आणि जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला ते चिकटतात. जुनाट जखमेतला स्राव मात्र बहुधा अल्कधर्मी, सात ते नऊच्या दरम्यान सामू (पीएच) असलेला असतो. तिथे साध्या कायटोसानची ही धार कमी होते, मग जाहिरातीत काहीही म्हटलेले असो.

मधाच्या बाबतीत आपल्याकडचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना प्रसिद्ध केली. मधाच्या गटातील ९१ टक्के संसर्गित जखमा सात दिवसांत निर्जंतुक झाल्या, क्रीमच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. हा अभ्यास दाखवून पुष्कळ जण मला विचारतात, की मग घरातला मध का लावू नये. दोन कारणांनी. त्या जखमा भाजलेल्या आणि वरवरच्या होत्या, मधुमेही पायाच्या जुनाट जखमा नव्हेत. आणि बरणीतल्या मधात क्लॉस्ट्रिडियम या घातक जिवाणूचे बीजाणू असू शकतात. औषधी मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. शिवाय स्राव फार असेल, तर मध पातळ होऊन वाहून जातो आणि त्याची साखरेची दाट पकडच उरत नाही.

आता बदलण्याचा दिवस. पाकिटावर ‘सात दिवसांपर्यंत’ असे छापलेले असते आणि ते वाचणारा ‘सात दिवस’ असे वाचतो. वाहत्या जखमेत ड्रेसिंग दुसऱ्या दिवशीच तुडुंब भरू शकते. त्यानंतर ते औषध राहत नाही, तर ओल्या पोतेऱ्यासारखे कातडीवर बसून कडा कुजवते. बाहेरच्या पट्टीवर स्रावाचा डाग कडेपासून एक-दीड सेंटिमीटरवर आला की ड्रेसिंग बदलावे, दिवस कितवाही असो. कॅडेक्सोमर आयोडीनने हे काम सोपे केले आहे : आयोडीन संपत आले की तपकिरी रंग फिका पडत जातो आणि तो पांढुरका दिसला की बदलायचे, हे निरक्षर माणसालाही कळते. थायरॉइडचा आजार असेल तर मात्र हे ड्रेसिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चिकटपट्टीच्या कडा घामाने आणि दमट हवेने सुटतात, तिथून पाणी आत जाते आणि महागडे ड्रेसिंग चिखलाच्या संपर्कात येते. त्या चार महिन्यांत चिकटपट्टीपेक्षा गुंडाळायची पट्टी आणि कडेच्या कातडीला झिंकचे मलम, ही जोडी मला अधिक भरवशाची वाटते. मलम कडेलाच लावायचे, जखमेत नाही.

तपासणीचा अहवाल कसा वाचावा

पू तपासला, त्यात तीन जिवाणू निघाले, तीन प्रतिजैविके झाली, तरी फरक नाही, असे सांगणाऱ्यांच्या हाती बहुधा जखमेवरच्या पुवाचा किंवा जुन्या ड्रेसिंगचा नमुना तपासल्याचा अहवाल असतो. जखम उघडी असली की तिच्यावर जिवाणू असणारच. त्यांचे नुसते असणे म्हणजे संसर्ग नव्हे. नमुना घ्यायचाच असेल, तर जखम आधी सलाईनने धुवावी, मृत थर काढावा, मग स्वच्छ दिसणाऱ्या भागावर साधारण एक चौरस सेंटिमीटर जागेत निर्जंतुक कापसाची काडी दाबून फिरवावी, म्हणजे पेशींतला द्रव वर येतो. त्याहून चांगला नमुना म्हणजे सफाईनंतर तळातून घेतलेला ऊतीचा छोटा तुकडा. लाली, गरमपणा, सूज, वेदना, पू यांपैकी काहीच नसेल, तर केवळ अहवालात नाव आले म्हणून प्रतिजैविकाची गोळी सुरू करू नये. पुढच्या खऱ्या संसर्गाच्या वेळी तीच गोळी निकामी ठरू शकते.

पृष्ठभागाच्या खाली

चालकसाहेबांची सलाईनची चूक सुधारली, घट्टा कापला, जखम साफ झाली आणि तीन आठवडे चित्र चांगले राहिले. चौथ्या आठवड्यात हिरवा डाग परत. तेव्हा बोथट निर्जंतुक सळई जखमेच्या तळात हळूच सरकवली आणि टोकाला ‘टक्’ असे कडक काही लागले. हाड. रुग्णालयात दाखल झालेल्या संसर्गित मधुमेही पायांवरील १९९५ च्या अभ्यासात सळई हाडाला लागलेल्या जखमांपैकी ८९ टक्क्यांत हाडाचा संसर्ग निघाला होता. साध्या एक्स-रेमध्ये तो दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नये. हाडात संसर्ग असताना वर चांदी असो की सोने, वरचे तोंड मिटते आणि आत धुमसत राहते. त्यांना शस्त्रक्रियेविना उपचार द्यायचे ठरले, तेव्हा प्रतिजैविकांची मुदत सहा आठवड्यांची होती.

हाडाइतकाच दुर्लक्षित मुद्दा दाबाचा. हे गृहस्थ रोज सकाळी देवदर्शनाला चालत जात. ‘थोडंच तर चालतो, आणि दुखतही नाही,’ हे त्यांचे म्हणणे. दुखत नाही हाच तर आजार आहे. वेल्लोरला १९४६ पासून कुष्ठरुग्णांवर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बधिर पायाच्या जखमा पाय आपोआप सडल्याने होत नाहीत. जाणीव नसल्याने त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबामुळे त्या होतात. प्लास्टरचा घट्ट बसणारा साचा आणि मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे एमसीआरची, चप्पल हे उपाय त्या परंपरेतून मधुमेही पायाकडे आले. संसर्ग आटोक्यात आल्यावर आणि रक्तपुरवठा पुरेसा असल्याची खात्री झाल्यावर काढता न येणारा साचा सर्वांत परिणामकारक ठरतो, कारण तो रुग्णाला देवळात जाताना काढून ठेवता येत नाही. जखमेवर ड्रेसिंगचे जाड बोळे भरणेही टाळावे. बोळा स्वतःच चपलेत दाब वाढवतो.

रक्तपुरवठ्याची तपासणी करताना मधुमेहींमध्ये एक फसगत होते. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर अडथळा आहे, हे खरे; पण रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना साठून त्या कडक झाल्या, की ते खोटेच वाढून १.३ च्या वर दाखवते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल, तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे जाण्यात एकही आठवडा घालवू नये.

कधी थांबवावे

जिवाणूरोधक ड्रेसिंग हे कायमचे पांघरूण नव्हे. चांदीच्या वापराबाबत २०१२ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-सहमतीने दोन आठवड्यांनी फेरतपासणी सुचवली आहे : संसर्गाची लक्षणे गेली असतील तर थांबवावे, सुधारणा असून लक्षणे शिल्लक असतील तर चालू ठेवावे आणि काहीच सुधारणा नसेल तर मूळ निदान पुन्हा तपासावे. संसर्ग नसलेल्या जखमेवर महिनोन्‌महिने चांदी ठेवल्यास ती नव्या त्वचेच्या पेशींनाही त्रास देऊ शकते. भरण्याचा वेग वाढतो ही समजूतही तपासून झाली आहे. ब्रिटनमध्ये पायाच्या शिरांच्या विकाराने झालेल्या जखमांवर २१३ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बारा आठवड्यांत भरलेल्या जखमांचे प्रमाण चांदीसह ५९.६ टक्के आणि चांदीविना ५६.७ टक्के होते. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही केवळ जखम भरावी या हेतूने जिवाणूरोधक ड्रेसिंग वापरू नये, असेच सांगतात.

मोजमापाशिवाय यातले काहीही ठरवता येत नाही. दर आठवड्याला त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर एक फोटो घ्यावा आणि लांबी-रुंदी वहीत लिहावी. मधुमेही पायांवरील २००३ च्या एका अभ्यासात, पहिल्या चार आठवड्यांत ज्यांच्या जखमेचे क्षेत्रफळ निम्म्याहून थोडे अधिक घटले, त्यांच्यातील ५८ टक्के बाराव्या आठवड्यापर्यंत बरे झाले. ज्यांचे तेवढे घटले नाही, त्यांच्यातील फक्त ९ टक्के. चालकसाहेबांच्या वहीत हाडाच्या उपचारानंतरच्या चार आठवड्यांत जखम २.४ बाय २ वरून १.५ बाय १.२ सेंटिमीटरवर आली. तेव्हा मी चांदी बंद करून साधे फोमचे ड्रेसिंग सुरू केले आणि सूनबाईंनी शंकेने विचारले, ‘आता एवढं स्वस्तातलं चालेल?’ चालले.

आणि हे सगळे नीट पाहूनही जखम हलत नसेल, तिची कड फुलकोबीसारखी उंचावत असेल, हात लावताच रक्त येत असेल किंवा ती वर्षानुवर्षे तशीच असेल, तर कडेचा तुकडा काढून बायॉप्सीला पाठवावा. जुनाट जखमेत क्वचित कर्करोग होतो, आणि क्षयाच्या जखमाही पुष्कळदा साध्या जखमेच्या रूपात समोर येतात; या दोन्हींवर पाचवे पाकीट उघडण्याआधी पॅथॉलॉजीच्या अहवालाची वाट पाहावी लागते.